सुरू, सरू आणि दक्षिण गोलार्धातील शंकुमंत वृक्ष : वर्गीकरण, वितरण व नामविचार

महाराष्ट्रातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा म्हणजे अहिल्यानगर, म्हणजेच पूर्वीचा अहमदनगर जिल्हा. त्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर असून तो विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर वसलेला आहे. त्याच्या वायव्येस अकोले तालुक्याच्या सीमेवर कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंचीपर्यंत चढते. विषुववृत्ताच्या दुसऱ्या बाजूस, दक्षिणेस २० ते २२ अंशांच्या दरम्यान, पॅसिफिक महासागरात न्यू कॅलेडोनिया नावाचा प्रदेश आहे. त्याच्या मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १६,००० चौरस किलोमीटर भरते आणि त्यावरील सर्वोच्च शिखर, माँ पानिए, १,६२८ मीटर उंच आहे. विस्तार, उंची आणि विषुववृत्तापासूनचे अंतर या तिन्ही बाबतींत हे दोन प्रदेश जवळजवळ जुळतात. परंतु न्यू कॅलेडोनियात शंकुमंत वृक्षांच्या चाळिसाहून अधिक जाती निसर्गतः वाढतात व त्यांतील प्रत्येक जात केवळ तेथेच आढळते; नगर जिल्ह्यात मात्र अशी एकही जात रानात आढळत नाही.

ही तफावत कशामुळे निर्माण झाली, हा वनस्पतिशास्त्राचा व भूगोलाचा प्रश्न होय. परंतु त्याला लागूनच दुसरा एक प्रश्न उभा राहतो. नगर शहरातील कोणाही माणसास सूचीसारख्या पानांचे झाड दाखवावयास सांगितले, तर तो निःशंकपणे सुरूच्या झाडाकडे बोट दाखवील. आणि सुरू हा शंकुमंत वृक्ष नव्हे. ज्या प्रदेशात मूळचा शंकुमंत वृक्ष नाही, त्या प्रदेशाच्या भाषेत त्याचे नाव कोठून आले व ते कोणाला चिकटले, याचा विचार केल्यावाचून मराठीतील या विषयाची परिभाषा सुस्थिर होणार नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा क्रमाने परामर्श घेतला आहे.

वर्गीकरण

ज्या वनस्पतींची बीजे फळाच्या आवरणात बंदिस्त नसतात त्यांस प्रकटबीज वनस्पती म्हणतात. शंकुमंत वृक्ष हा त्यांतील सर्वांत मोठा समूह असून त्यात सहाशेहून अधिक जाती मोडतात. त्यांची विभागणी सामान्यतः सहा कुलांत केली जाते. पहिले पाइन कुल. चीड, देवदार, स्प्रूस व फर हे त्याचे परिचित सदस्य. दुसरे ॲरॉकॅरिया कुल, तिसरे पोडोकार्पस कुल, चौथे सरू कुल, पाचवे टॅक्सस कुल आणि सहावे, केवळ जपानात आढळणाऱ्या एकाच जातीचे, सायाडोपिटिस कुल.

दक्षिण गोलार्धाच्या दृष्टीने यांतील दुसरे, तिसरे व चौथे अशी तीन कुले महत्त्वाची ठरतात. ॲरॉकॅरिया कुलात केवळ तीन प्रजाती आहेत. ॲरॉकॅरिया या प्रजातीच्या २० जातींपैकी १४ न्यू कॅलेडोनियात, २ दक्षिण अमेरिकेत आणि उर्वरित ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी व नॉर्फोक बेट या भागांत आढळतात. दुसरी प्रजाती ॲगॅथिस, म्हणजे न्यूझीलंडमधील कौरी वृक्षाची प्रजाती; हिची पाने सूचीसारखी नसून चांगली रुंद व चिवट असतात. तिसरी वोलेमिया. ही १९९४ पर्यंत शास्त्रास अज्ञात होती. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात, सिडनीच्या वायव्येस असलेल्या एका खोल दरीत डेव्हिड नोबल या वनरक्षकास तिचे वृक्ष आढळले. रानात तिचे प्रौढ वृक्ष शंभराहूनही कमी आहेत.

पोडोकार्पस कुल हे दक्षिणेतील सर्वांत विस्तृत कुल होय. त्यात सुमारे १८० जाती येतात. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ 'पाय असलेले फळ' असा होतो. कारण अनेक जातींत बीजाखालचा देठ फुगून मांसल व रंगीत बनतो आणि पक्षी तो खाऊन बीज दूरवर नेतात. परिचित लाकडी शंकू येथे जवळजवळ लोपलेलाच असतो. याच कुलातील न्यू कॅलेडोनियाची पॅरासिटॅक्सस ही वनस्पती दुसऱ्या एका पोडोकार्प वृक्षावर परोपजीवी म्हणून जगते. सर्व प्रकटबीज वनस्पतींत परोपजीवी अशी ही एकच जात ज्ञात आहे.

सरू कुल दोन्ही गोलार्धांत पसरलेले असले तरी त्यातही एक दक्षिणी शाखा स्पष्टपणे वेगळी काढता येते. ऑस्ट्रेलियातील कॅलिट्रिस, आफ्रिकेच्या दक्षिण भागातील विड्रिंग्टोनिया, चिली व अर्जेंटिना येथील फिट्झरोया, न्यूझीलंड व न्यू कॅलेडोनिया येथील लिबोसेड्रस या प्रजाती त्या शाखेत पडतात. पूर्वी पाने व शंकू यांच्या रूपावरून यांतील काही प्रजातींचे उत्तरेतील प्रजातींशी निकटचे नाते कल्पिले जात असे. अलीकडील जनुकीय अभ्यासाने मात्र असे दाखवून दिले आहे की, महासागरांनी परस्परांपासून दूर गेलेल्या या दक्षिणी प्रजाती एकमेकींच्या अधिक जवळच्या आहेत. रूपसादृश्य हे रक्ताच्या नात्याचे प्रमाण नव्हे, हा धडा येथे प्रथम मिळतो.

वितरण

शंकुमंतांच्या वितरणातील सर्वांत ठळक गोष्ट म्हणजे पाइन कुलाची विषुववृत्तापाशी अडणारी सीमा. सव्वादोनशेच्या आसपास जाती असलेल्या या कुलातील केवळ एकच जात, सुमात्रा बेटावरील मर्कुसी पाइन, निसर्गतः विषुववृत्त ओलांडते, आणि तीही सुमारे दोन अंशांपलीकडे जात नाही. न्यूझीलंड, चिली व ऑस्ट्रेलिया येथे आज पाइनची विस्तीर्ण वने दिसतात, ती मानवाने लावलेली होत. उलट दिशेने पाहता ॲगॅथिस प्रजाती मलाया व फिलिपाइन्सपर्यंत, आणि पोडोकार्पस कुल जपान व हिमालयापर्यंत उत्तरेस चढलेले आढळते.

स्वीडिश शास्त्रज्ञ रुडॉल्फ फ्लोरिन यांनी १९६३ मध्ये जीवाश्मांचा साकल्याने विचार करून असे प्रतिपादन केले होते की, उत्तरेचे व दक्षिणेचे शंकुमंत समूह फार प्राचीन काळापासून बव्हंशी वेगळे राहिले आहेत. या विभाजनाचे मूळ भूखंडांच्या इतिहासात शोधावे लागते. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका हे भूभाग एकेकाळी ज्या महाखंडात एकत्र होते त्यास गोंडवन म्हणतात. हे नाव मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून भूशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात योजिले. दक्षिणेच्या सर्व महासागरांवर पसरलेल्या एका कल्पित भूखंडास विदर्भाच्या शेजारच्या मुलखाचे नाव मिळावे, ही नामांच्या प्रवासातील एक लक्षणीय घटना होय.

तथापि प्रत्येक दक्षिणी वृक्षास गोंडवनाचा अवशेष मानणे योग्य होणार नाही. न्यू कॅलेडोनियाचा भूभाग ऑस्ट्रेलियापासून विलग झाल्यानंतर दीर्घकाळ समुद्राखाली होता व सुमारे ३ कोटी ७० लक्ष वर्षांपूर्वी पुन्हा वर आला, असे भूशास्त्रीय पुराव्यावरून मानले जाते. तेथील ॲरॉकॅरियाच्या १४ जाती त्या नंतरच्या काळात उद्भवल्या असाव्यात, असाच जनुकीय अभ्यासाचाही कल आहे. कुल प्राचीन असले तरी त्यातील जाती अर्वाचीन असू शकतात. त्या बेटाच्या सुमारे एक-तृतीयांश भागावर निकेलसारख्या धातूंनी युक्त, पण पोषक द्रव्यांनी दरिद्री अशी माती आहे. तेथे जलद वाढणाऱ्या सपुष्प वृक्षांची मात्रा चालत नाही. मंदगती शंकुमंत मात्र तग धरतात.

नगर जिल्ह्यातील अभाव

मग नगर जिल्ह्यातील शून्याची उपपत्ती कशी लावावी? भारताचे द्वीपकल्प हाही गोंडवनाचाच तुकडा असल्याने येथे दक्षिणी शंकुमंत कधी नव्हतेच, असे म्हणता येत नाही. झारखंडमधील राजमहाल टेकड्यांच्या खडकांत पोडोकार्पस व ॲरॉकॅरिया या कुलांशी नाते सांगणारे जीवाश्म विपुल सापडले आहेत. महाराष्ट्रातही नागपूरजवळील टाकळी येथे लाव्हाच्या थरांमधील गाळात शंकूंचे जीवाश्म मिळाले असून बीरबल साहनी यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले आहे. म्हणजे दख्खनचा काळा पाषाण तयार होत होता त्या काळीही या भूमीवर शंकुमंत वृक्ष उभे होते.

त्यांच्या लोपाची दोन कारणे मुख्यतः पुढे येतात. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी लाव्हाच्या प्रचंड उद्रेकांनी पश्चिम व मध्य भारताचा विशाल प्रदेश झाकून टाकला. नगरची सारी भूमी याच पाषाणाची आहे. त्यानंतर भारतीय भूखंड उत्तरेस सरकत आशियास भिडला, हिमालय उंचावला आणि कालांतराने आजचा मोसमी पाऊस स्थिर झाला. हिमालयातील आजची चीड-देवदारांची वने बहुतांशी उत्तरेच्या वंशाची, म्हणजे आशियाच्या बाजूने आलेली आहेत. ती द्वीपकल्पातील जुन्या दक्षिणी शंकुमंतांची संतती नव्हेत.

दुसरे कारण आजही कार्य करीत आहे, आणि ते म्हणजे कोरड्या ऋतूची लांबी. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे कोरडा काळ दोन-तीन महिन्यांचा असतो. उत्तरेकडे सरकावे तसा तो वाढत सात-आठ महिन्यांपर्यंत जातो. अकोले तालुक्यातील घाटघर व भंडारदरा या परिसरात पाऊस कोसळतो खरा, परंतु तो चार महिन्यांत कोसळून जातो. नंतर गवत वाळते, वणवे लागतात आणि उथळ मातीतील ओल आटते. पूर्वेकडे पारनेर, कर्जत व जामखेड हे तालुके तर पर्जन्यछायेतच पडतात. पावसाच्या एकूण मानापेक्षा त्याची वर्षभरातील विभागणी येथे निर्णायक ठरते. पश्चिम घाटात मूळचा असा एकच शंकुमंत वृक्ष उरला आहे. तो पोडोकार्पस कुलातील नागेया वॉलिचियाना होय, आणि तो निलगिरी, अनैमलै व त्यांच्या दक्षिणेकडील सदाहरित अरण्यांतच आढळतो. त्याची पाने रुंद असतात. त्यांत मधली शीर नसून अनेक समांतर शिरा असतात. घाटात फिरणाऱ्या अनोळखी माणसाला तो चीड-देवदाराचा आप्त आहे, अशी शंकाही येणार नाही.

बागेतील तीन झाडे

रानात शून्य असले तरी महाराष्ट्रातील कोणत्याही शहराप्रमाणे नगरच्या बागा व रोपवाटिका यांत या विषयाशी संबंध सांगणारी तीन झाडे भेटतात. पहिले मोरपंखी. हे सरू कुलातील असून मूळचे चीनकडील, म्हणजे खरा परंतु उत्तरेचा शंकुमंत. दुसरे 'ख्रिसमस ट्री'. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगर येथे केंद्र स्थापिले तेव्हापासून या जिल्ह्यात नाताळची परंपरा रुजली. नाताळचा मूळ युरोपीय वृक्ष स्प्रूस वा फर. तो येथे तगत नाही. म्हणून त्याची जागा ॲरॉकॅरियाच्या जातींनी घेतली व नावही त्यांनाच मिळाले. उत्तरेच्या सणासाठी दक्षिणेचा वृक्ष उभा राहिला.

या ॲरॉकॅरियांपैकी न्यू कॅलेडोनियातील कॉलम्नारिस या जातीची कथा लक्षात ठेवण्याजोगी आहे. १७७४ मध्ये कॅप्टन कुक यांच्या जहाजावरून हे वृक्ष प्रथम दुरून दिसले, तेव्हा बरोबरच्या निसर्गशास्त्रज्ञांना ते बेसाल्टचे, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या जातीच्या दगडाचे, नैसर्गिक स्तंभ वाटले. जवळ गेल्यावर ते वृक्ष ठरले. पुढे १७८६ मध्ये फोर्स्टर यांनी त्यांस शास्त्रीय नाव दिले ते सरूच्या प्रजातीत घालून : कुप्रेसस कॉलम्नारिस, म्हणजे 'स्तंभाकार सरू'. म्हणजे रूपावरून नाते ठरविण्याची चूक केवळ लोकभाषेचीच नव्हे. शास्त्रज्ञांच्या लेखणीतूनही ती उतरली आहे. याच जातीविषयी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच खंडांतील २५६ वृक्ष मोजण्यात आले आणि ते विषुववृत्ताच्या दिशेने झुकतात, सरासरीने साडेआठ अंशांनी, असे आढळले. त्यानुसार नगरच्या आवारातील असा वृक्ष दक्षिणेकडे झुकलेला असावयास हवा; दोरी व ओळंबा घेऊन कोणाही विद्यार्थ्यास याची परीक्षा करता येईल.

तिसरे झाड सुरू. त्याचे शास्त्रीय नाव कॅज्युरिना. त्याच्या ज्या 'सुया' दिसतात त्या पाने नसून हिरव्या, सांधेदार डहाळ्या होत. डहाळी सांध्यावर ओढून तोडली असता त्या पेऱ्यावर दातांसारख्या सूक्ष्म खवल्यांचे कडे दिसते. तीच त्याची खरी पाने. त्याचा 'शंकू' हाही शंकू नसून अनेक लहान फळांचा काष्ठमय गुच्छ असतो. सुरू हा सपुष्प वृक्ष आहे, आणि वंशाने तो ओक व अक्रोड यांच्या गणात पडतो. सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यात वाढणारी नीटम ही रुंद पानांची वेल प्रकटबीज असल्यामुळे चीड वृक्षाची सुरूपेक्षा कितीतरी जवळची आप्त ठरते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सुरूचे कुलही दक्षिणेचेच, ऑस्ट्रेलिया व त्याभोवतीच्या द्वीपसमूहांतील आहे.

नामांचा प्रवास

'सुरू' हा शब्द फारसी 'सर्व' या शब्दापासून आलेला आहे. फारसीत तो कुप्रेससचा, म्हणजे खऱ्या सरू वृक्षाचा, वाचक असून फारसी काव्यात प्रिय व्यक्तीच्या सरळ, डौलदार बांध्यासाठी तो उपमान म्हणून शतकानुशतके योजिला गेला. उत्तर भारतात त्याची 'सरो', 'सरू' अशी रूपे झाली. मराठीतील 'सुरू' या रूपात पहिल्या अक्षरातील अकार पुढील ऊकाराच्या सान्निध्याने उकार बनला. हा स्वरसमीकरणाचा साधा प्रकार होय. ज्या नगरात निजामशाहीच्या काळात फारसी ही दरबारची भाषा होती, आणि जेथे १५८३ मध्ये फराहबागेसारखी वास्तू पूर्ण झाली, तेथे फारसी उद्यानसंस्कृतीचे शब्द परके नव्हते. परंतु शब्द आला तरी दख्खनच्या सामान्य माणसाच्या नित्य परिचयात त्याचा वाच्य वृक्ष आला नाही. शब्दाची जागा अशी अर्धी रिकामी राहिली असता पुढे कॅज्युरिना आला. तो सरळ, उंच, निमुळता व सूचीसारख्या हिरव्या डहाळ्यांचा होता. त्याने ते नाव सहज घेतले, आणि आज कोकणच्या किनाऱ्यावरील सुरूची बने सर्वतोमुखी झाली आहेत.

'देवदार' या शब्दाचीही अशीच गत झाली. हिमालयातील वृक्षाचे हे संस्कृत नाव तमिळ भाषेत एका अगदी वेगळ्या, सपुष्प अशा लहान वृक्षास मिळाले. मराठीत तर खोकी करण्याच्या हलक्या लाकडासही लोक देवदार म्हणू लागले. इंग्रजी वसाहतकारांनी ॲरॉकॅरिया, फिलोक्लॅडस व कॅलिट्रिस या तिन्ही भिन्न प्रजातींस 'पाइन' हेच घरचे नाव चिकटविले. मनुष्य नव्या भूमीत जाताना वृक्ष नेऊ शकत नाही, पण त्यांची नावे नेतो.

याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण न्यूझीलंडच्या माओरी भाषेत सापडते. पॉलिनेशियन भाषांत 'तोआ' हे कॅज्युरिनाचे, म्हणजे आपल्या सुरूचेच, नाव आहे. माओरींचे पूर्वज न्यूझीलंडच्या थंड भूमीत पोहोचले तेव्हा तेथे कॅज्युरिना नव्हता. ते नाव 'तोआतोआ' अशा द्विरुक्त रूपाने फिलोक्लॅडस या पोडोकार्पस कुलातील वृक्षास मिळाले. त्याचप्रमाणे ताहितीत पारस पिंपळाचे असलेले 'मिरो' हे नाव न्यूझीलंडमध्ये दुसऱ्या एका पोडोकार्प वृक्षाचे झाले. मराठीने शंकुमंताचे नाव कॅज्युरिनास दिले. माओरीने कॅज्युरिनाचे नाव शंकुमंतास दिले. दोन भाषा, परस्परांशी कोणताही संबंध नसता, एकाच वाटेने उलट दिशांनी चालत गेल्या. आणि फिलोक्लॅडसमध्येही पानांचे काम चपट्या हिरव्या डहाळ्याच करतात, हे येथे विसरता येत नाही. डोळ्याने टिपलेले साम्य निराधार नसते. ते केवळ वंशाचे साम्य नसते, एवढेच.

परिभाषेचा प्रश्न

या विवेचनाचा मराठी परिभाषेशी असलेला संबंध आता स्पष्ट होईल. या समूहासाठी मराठीत 'सूचिपर्णी' व 'शंकुमंत' असे दोन शब्द चालतात. उत्तरेच्या पाइन कुलापुरता पहिला शब्द बरा चालतो. पण दक्षिण गोलार्धाकडे वळताच तो फसतो. ॲगॅथिस व नागेया हे रुंदपर्णी वृक्ष तो बाहेर ठेवतो आणि ज्यास सूचिपर्ण नाहीच अशा सुरूला आत घेतो. 'शंकुमंत' हा शब्दही निर्दोष नाही. पोडोकार्पस कुलातील मांसल बीजधारी शाखेस शंकू म्हणताना मन अडखळते. तथापि तो प्रजननाच्या अवयवाकडे बोट दाखवितो, आणि वंशविचारात पानांपेक्षा तो अवयव अधिक विश्वसनीय ठरतो. म्हणून शास्त्रीय लेखनात 'शंकुमंत' हा शब्द कुलसमूहाचा वाचक म्हणून राखावा आणि 'सूचिपर्णी' हा शब्द केवळ पानांच्या रूपाचे वर्णन करणारे विशेषण म्हणून योजावा, हे इष्ट होय. कुप्रेससला 'सरू' व कॅज्युरिनाला 'सुरू' असा भेद ठेविल्यास एकाच शब्दाची दोन रूपे दोन कामांस लागतील.

हा काथ्याकूट निरर्थक नाही. शंकुमंतांच्या सुमारे एक-तृतीयांश जातींचे अस्तित्व आज धोक्यात आहे. मलावी देशातील मुलांजे पर्वतावरील विड्रिंग्टोनिया वृक्ष तोडीमुळे व वणव्यांमुळे जवळजवळ नामशेष झाला. बाजारात त्याचे लाकूड 'सीडर' या परक्याच नावाने ओळखले जात असे. ज्याला स्वतःचे नाव नाही त्याचा अभाव लवकर ध्यानात येत नाही. वोलेमियाचे भाग्य थोडे निराळे ठरले : तिला १९९४ नंतर स्वतंत्र नाव व ओळख मिळाली, आणि २०१९-२० च्या भीषण वणव्यांत तिची ती एकमेव दरी वाचविण्यासाठी अग्निशामक दल मुद्दाम धाडण्यात आले.

लोकांनी सुरूला सुरू म्हणणे सोडावे, असे यावरून निष्पन्न होत नाही. लोकभाषेतील नाव वृक्षाचे रूप, उपयोग व डौल सांगते. शास्त्रीय नाव त्याचा वंश सांगते. दोहोंची कामे भिन्न आहेत, आणि एकाने दुसऱ्याचे काम अंगावर घेतले की घोटाळा होतो. नगरच्या एखाद्या आवारात सुरू, मोरपंखी आणि दक्षिणेकडे कललेला ॲरॉकॅरिया शेजारी शेजारी उभे असतील, तर तेथे तीन भूखंडांचा इतिहास आणि तितक्याच भाषांचा प्रवास एकत्र आलेला असतो. सुरूची एक डहाळी सांध्यावर मोडून पाहण्यापासून त्याच्या वाचनास आरंभ करता येतो.